यंत्र अभियांत्रिकीत संशोधनाची सुरुवात: धातूच्या नमुन्यापासून माणसाच्या चालीपर्यंत

मेकॅनिकलची पदवी झालेल्या किंवा शेवटच्या वर्षाला असलेल्या, आणि एम.टेक. किंवा पीएच.डी.च्या वाटेने संशोधनाकडे वळू पाहणाऱ्या मुलामुलींसाठी हा लेख आहे. त्यातही धातू, रबर, हाड अशा पदार्थांचं वागणं ज्यांना खुणावतं, किंवा माणूस चालतो-बसतो-चढतो तेव्हा सांध्यांत नेमकं काय घडतं याचं कुतूहल आहे, त्यांच्यासाठी. थर्मल किंवा फ्लुइड्सच्या विद्यार्थ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल, पण उदाहरणं मी या एका टापूतलीच घेतली आहेत.

बहुतेक विभागांत हे दोन गट वेगळे बसतात. एका मजल्यावर मटेरियलवाले, दुसऱ्या इमारतीत बायोमेकॅनिक्सवाले, म्हणजे शरीराच्या हालचालींचं यंत्रशास्त्र अभ्यासणारे. नवीन विद्यार्थ्याला वाटतं की आपण एक दार निवडायचं आणि दुसरं कायमचं विसरायचं. माझं मत याच्या उलट आहे. १८६६च्या सुमारास झुरिकमध्ये हर्मान फॉन मायर हे शरीररचनाशास्त्रज्ञ मांडीच्या हाडाचे काप दाखवत होते. कार्ल कुलमान हे पुलांची आणि यारींची गणितं करणारे अभियंते. हाडाच्या वरच्या टोकातली बारीक जाळी पाहून कुलमान यांच्या लक्षात आलं की वाकड्या यारीतल्या मुख्य स्ट्रेसच्या (आतल्या ताण-दाबाच्या) रेषा आपण कागदावर काढतो, त्या जवळपास अशाच असतात. पुढे १८९२ मध्ये युलियस वोल्फ यांनी मांडलं की हाड आपल्यावर येणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःला घडवतं. कुलमान यांच्या तुलनेतल्या उणिवा नंतरच्या संशोधकांनी दाखवल्या, पण त्या दिवशी उभा राहिलेला प्रश्न आजही या सगळ्या क्षेत्राला बांधून ठेवतो: भार कुठून येतो, आणि तो कशावर येतो? मटेरियलवर काम करणाऱ्याला पहिल्या अर्ध्याचं उत्तर माहीत हवं, हालचालीवर काम करणाऱ्याला दुसऱ्या अर्ध्याचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या मी याच धाग्याने लावल्या आहेत.

पहिली पायरी: एक मोजता येईल असा प्रश्न शोधा

‘मला कृत्रिम पायांवर काम करायचंय’ हा विषय झाला. त्यावर चार वर्षं हिंडता येतं आणि हाती काहीच लागत नाही. प्रश्न असा असतो: जयपूर फूटसारख्या रबरी पायाच्या टाचेचा कडकपणा लाखो पावलांनंतर किती घटतो, आणि तेवढ्या घटीने चालणाऱ्याच्या गुडघ्यावर येणारा मोमेंट (वळवणारा जोर) बदलतो का?

जयपूर फूटचं उदाहरण मुद्दाम घेतलं. १९६८च्या सुमारास जयपूरमध्ये रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी हे अस्थिशल्यविशारद यांनी मिळून तो घडवला. बाहेरून आलेले कृत्रिम पाय बुटात घालायचे असत. इथला माणूस अनवाणी शेतात जातो, उकिडवा बसतो, मांडी घालून जेवतो. त्या जगण्यातून पायाची रचना ठरली, आणि रचनेतून व्हल्कनाइज्ड रबर, लाकूड यांची निवड. हालचाल आधी, मटेरियल मागून. चांगला संशोधनप्रश्न बहुधा असाच जन्मतो.

आता आकडे मांडून बघा. कोणी दिवसाला ५,००० पावलं टाकत असेल तर एका पायावर २,५०० वेळा भार येतो, वर्षाला सुमारे ९ लाख वेळा. कृत्रिम पायांच्या रचनेच्या चाचणीसाठी आयएसओ १०३२८ हे मानक आहे, आणि त्यातली चक्रीय चाचणी ३० लाख सायकलची (एकदा भार देऊन काढला की एक सायकल) असते. म्हणजे साधारण सव्वातीन वर्षांचं चालणं. यंत्रावर सेकंदाला एक सायकल दिली तर ती चाचणी जवळजवळ ३५ दिवस अखंड चालेल. लॅबमध्ये यंत्र एकच, रांगेत पाच जण, आणि मध्येच वीज जाणार. मग सेकंदाला पाच सायकल देऊन आठवड्यात उरकावं का? धातूचा भाग असेल तर बऱ्याचदा चालून जातं. रबराच्या बाबतीत नाही. प्रत्येक सायकलमध्ये रबर थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपात आत साठवतं, जाड भागातून ती लवकर बाहेर पडत नाही, आणि तुम्ही नकळत तापलेल्या रबराची चाचणी करत बसता. एका साध्या गुणाकारातून वेळापत्रक, यंत्राची उपलब्धता आणि भौतिक मर्यादा अशा तिन्ही गोष्टी समोर आल्या. प्रश्न ठरवताना हा गुणाकार पहिल्याच आठवड्यात करा.

प्रश्न कसाला लावायचा तर स्वतःला विचारा: काय मोजणार, कशाने मोजणार, आणि उत्तर ‘नाही, काही फरक पडत नाही’ असं आलं तरी ते कोणाच्या उपयोगी पडेल का? शेवटच्याचं उत्तर होकारार्थी असेल तर प्रश्न घ्यावा.

दुसरी पायरी: जागा आणि गाईड

प्रवेशाचा तपशील थोडक्यात. केंद्रीय संस्थांमध्ये एम.टेक.साठी गेट परीक्षा लागते. तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण, आणि स्कोअर तीन वर्षं चालतो. यंत्र अभियांत्रिकीच्या पेपरशिवाय २०२० पासून बायोमेडिकल इंजिनीअरिंगचाही पेपर आहे. बायोमेकॅनिक्स करायचं म्हणून तोच द्यायला हवा असं नाही. मेकॅनिकल विभागातून येणाऱ्यांनी मेकॅनिकलचाच द्यावा, पाया पक्का राहतो. गेटवर एम.टेक.ला महिना १२,४०० रुपये मिळतात. २०२३ मधल्या वाढीनंतर पीएच.डी.ची केंद्रीय फेलोशिप पहिली दोन वर्षं ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये आहे, त्यावर घरभाडं वेगळं. आयआयटींमध्ये बी.टेक.नंतर थेट पीएच.डी.चीही सोय असते. आणि एक वाट अनेकांना ठाऊक नसते: एखाद्या सरकारी प्रकल्पावर वर्षभर प्रोजेक्ट असिस्टंट किंवा जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलो) म्हणून काम करायचं. संशोधन आपल्याला मानवतं का, हे पदवीला नाव न घालता कळतं. मी विचारणाऱ्या प्रत्येकाला हे सुचवतो.

कुठे? आयआयटी मुंबईत यंत्र अभियांत्रिकीचे प्रा. बी. रवी यांच्या पुढाकाराने २०१४ मध्ये ‘बेटिक’ हे वैद्यकीय उपकरणांचं केंद्र सुरू झालं. तिथे अभियंते आणि डॉक्टर एकाच टेबलाशी बसतात. आयआयटी मद्रासमध्ये प्रा. सुजाता श्रीनिवासन यांच्या केंद्राने ‘अराइज’ ही माणसाला उभं करणारी व्हीलचेअर घडवली, आणि २०२२ मध्ये ‘कदम’ हा बहुकेंद्री कृत्रिम गुडघा. अशा गुडघ्यांमागे बहुधा फोर-बार लिंकेज (सांध्यांनी जोडलेल्या चार दांड्यांची रचना) असते. काइनेमॅटिक्सच्या पेपरात आपण ज्याचा तात्कालिक केंद्रबिंदू काढतो तीच. बेंगळुरूची आयआयएससी, नागपूरचं व्हीएनआयटी, पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद या ठिकाणी मेकॅनिकलचा मजबूत पाया मिळतो. हालचालीच्या बाजूने पाहिलं तर पुण्यात लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे, आणि मुंबईत हाजी अलीला भौतिक वैद्यक व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आहे. रुग्ण, प्रोस्थेटिस्ट आणि फिजिओथेरपिस्ट अशा ठिकाणी भेटतात. त्यामुळे मुंबई-पुण्यात राहून काम करणाऱ्याला दोन्ही टोकं एका शहरात मिळू शकतात. हा फायदा फार कमी जण उचलतात.

संस्थेच्या नावापेक्षा गाईड कोण, याला मी जास्त वजन देतो. सर किंवा मॅडमना मेल लिहिताना त्यांचा एक पेपर खरोखर वाचा, आणि त्यातल्या एखाद्या आकृतीबद्दल नेमका प्रश्न विचारा. पन्नास जणांना पाठवलेलं एकच ‘आदरणीय प्राध्यापक’ पत्र ओळखू येतं. त्याहून महत्त्वाचं, त्यांच्या आत्ताच्या विद्यार्थ्यांना कॅन्टीनमध्ये भेटा. विचारा: आठवड्यातून किती वेळा चर्चा होते? मागचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले? यंत्र बिघडलं तर दुरुस्तीचे पैसे कुठून येतात? पेपरवर नावांचा क्रम कोण ठरवतं? उत्तर देताना समोरचा अडखळला तर ते लक्षात ठेवा.

तिसरी पायरी: पहिलं सेमिस्टर, वाचन आणि वर्कशॉप

कोर्सवर्कमध्ये कंटिन्युअम मेकॅनिक्स, फायनाइट एलिमेंट (वस्तूचे छोटे तुकडे कल्पून संगणकावर स्ट्रेस काढायची पद्धत) आणि सांख्यिकी हे तीन घ्याच. तिसरा विषय मेकॅनिकलची मुलं टाळतात, आणि पुढे परीक्षकाच्या पहिल्याच प्रश्नाला थबकतात. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार विद्यापीठांत पीएच.डी.साठी किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क लागतं, मुदत किमान तीन आणि एरवी कमाल सहा वर्षं. आयआयटींचे नियम त्यांचे स्वतःचे, ते प्रवेशाच्या वेळीच वाचून घ्या.

वाचायला सुरुवात थिसिसपासून करा, पेपरपासून नको. पेपरात जागा कमी असते, म्हणून नमुना कसा पकडला, यंत्र कसं लावलं, काय फसलं हे गाळलं जातं. थिसिसमध्ये ते सापडतं. ‘शोधगंगा’वर भारतीय विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध मोफत आहेत. नियतकालिकांसाठी जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मुळे सरकारी महाविद्यालयांतूनही मोठ्या प्रकाशकांचे अंक उघडतात. तालुक्याच्या सरकारी कॉलेजातल्या विद्यार्थ्याला ही सोय पूर्वी नव्हती.

प्रत्येक पेपरची नोंद एकाच साच्यात ठेवा: भार किती आणि कुठल्या दिशेने दिला, टोकं कशी पकडली होती, किती नमुने किंवा किती माणसं, काय मोजलं आणि काय गृहीत धरलं. शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा. असे तीसेक पेपर झाले की दिसायला लागतं की सगळेच जण एकच गोष्ट गृहीत धरून चाललेत. तुमचा प्रश्न बहुतेक वेळा तिथेच दडलेला असतो.

आणि वर्कशॉपमध्ये जा. लेथवरच्या काकांना, वायरकट चालवणाऱ्या दादांना ड्रॉइंग दाखवून विचारा, ‘हे असं निघेल का?’ तुम्ही कोपऱ्याला दिलेली शून्य त्रिज्या कुठल्याच टूलने येत नाही, हे ते दोन मिनिटांत सांगतील. त्यांचं नाव थिसिसच्या आभारात घालायला विसरू नका. तुमचे आकडे त्यांच्या हातातून आलेले असतात.

चौथी पायरी: यूटीएमवरचे पहिले नमुने

इथे थोडं थांबून बोलतो, कारण पुढच्या सगळ्याचा भरवसा इथे ठरतो.

यूटीएमवर, म्हणजे नमुना ओढणाऱ्या-दाबणाऱ्या युनिव्हर्सल टेस्टिंग मशीनवर, साध्या स्टीलचा नमुना ओढा. त्याचा यंग मॉड्युलस (कडकपणाचं माप) सुमारे २०० गिगापास्कल असतो, हे पाठ आहे. यंत्राच्या क्रॉसहेडच्या सरकण्यावरून स्ट्रेन (मूळ लांबीच्या प्रमाणात झालेली वाढ) काढलीत तर उत्तर त्याच्या कितीतरी खाली येतं, काही वेळा चौथाईही भरत नाही. स्टील खराब नसतं. ग्रिप, खांब, लोडसेल हे सगळं नमुन्याबरोबर थोडं थोडं ताणलं जात असतं, शिवाय ग्रिपमध्ये नमुना किंचित घसरतो, आणि ते सगळं सरकणं तुम्ही नमुन्याच्या नावावर लिहिता. म्हणून नमुन्यावरच एक्स्टेन्सोमीटर लावायचा किंवा स्ट्रेनगेज चिकटवायचा. नव्या लॅबमध्ये गेलात की पहिल्या आठवड्यात, उत्तर आधीच माहीत असलेल्या स्टीलचा आणि ॲल्युमिनियमचा मॉड्युलस मोजा. २०० आणि ७०च्या आसपास आले तर तुमची मांडणी विश्वासाची. नाही आले तर नवा पदार्थ हातात घेऊ नका.

नमुना कापताना पत्रा कुठल्या दिशेने लाटला होता हे त्यावर खूण करून ठेवा. थ्रीडी प्रिंट असेल तर थर कुठल्या दिशेला रचले ते लिहा. थरांना आडवा भार दिला की तोच पदार्थ फार कमी ताकदीचा निघतो. हाडाचा नमुना असेल तर तो कायम सलाइनमध्ये ओला ठेवायचा आणि साठवताना उणे २० अंशांना गोठवायचा. सुकलेलं हाड ठिसूळ होतं आणि मॉड्युलस फसवा येतो. धातूंच्या टेन्साईल चाचणीसाठी भारतीय मानक आयएस १६०८ आहे, अमेरिकी एएसटीएम ई ८. दोन्हींपैकी एक घ्या आणि तेच शेवटपर्यंत पाळा.

हाडाशी गाठ पडली की मटेरियल आणि हालचाल एकत्र येतात. मांडीच्या हाडाच्या टणक भागाचा लांबीच्या दिशेने मॉड्युलस साधारण १५ ते २० गिगापास्कल. इम्प्लांटसाठी वापरला जाणारा टायटॅनियमचा मिश्रधातू, ज्यात सहा टक्के ॲल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम असतं, तो ११०च्या आसपास, आणि स्टेनलेस स्टील २००च्या जवळ. खुब्याच्या सांध्याचा धातूचा दांडा हाडात बसवला की जास्त कडक असलेला दांडाच बहुतेक भार उचलतो. शेजारच्या हाडाला भार मिळत नाही, आणि वोल्फ यांच्या नियमाप्रमाणे ते विरळ होत जातं. याला स्ट्रेस शिल्डिंग म्हणतात. सच्छिद्र टायटॅनियम, जाळीदार थ्रीडी प्रिंटेड दांडे यांवरचं बरंचसं संशोधन या एका विषमतेतून निघालं आहे. पण जाळी आली की छिद्रांच्या कडांवर फटीगच्या, म्हणजे वारंवार भार आल्याने पडणाऱ्या, भेगा सुरू होतात, म्हणजे कडकपणा कमी करायच्या नादात आयुष्य कमी होतं. एम.टेक.चा प्रबंध म्हणून यातलं एक टोक पुरेसं आहे, दोन्ही हातात घेऊ नयेत.

फटीगबद्दल नवख्यांना एक सांगावंसं वाटतं. १८४२ मध्ये व्हर्सायच्या रेल्वे अपघातात इंजिनाचा आस तुटला आणि कित्येक माणसं गेली. त्यानंतरच्या दशकांत प्रशियाच्या रेल्वेत आउगुस्ट व्होलर यांनी वर्षानुवर्षं आसांवर चाचण्या करून दाखवलं की एका दणक्यात न तुटणारा भार पुन्हा पुन्हा दिला की तुटतो. तेव्हापासून आजपर्यंत एक गोष्ट बदललेली नाही: एकाच भाराला, एकाच पट्टीतून कापलेले नमुने वेगवेगळ्या सायकलला तुटतात, कधी दुपटी-तिपटीच्या फरकाने. त्यामुळे प्रत्येक भारपातळीला एकच नमुना तोडून रेघ ओढणं म्हणजे नशिबाचा आलेख. कमी पातळ्या घ्या, पण प्रत्येक पातळीला नमुने जास्त ठेवा. आणि न तुटलेला नमुनाही आलेखावर बाण लावून दाखवा, तो गाळू नका.

पाचवी पायरी: माणसाला लॅबमध्ये बोलावण्याआधी

माणसावर कुठलंही मोजमाप करायचं, अगदी मित्राला दोन मिनिटं चालायला लावायचं असलं, तरी आधी संस्थेच्या नीतिसमितीची मंजुरी. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत सगळं दिलेलं आहे. क्लिनिकल ट्रायल असेल तर सीटीआरआय या सरकारी नोंदवहीवर पहिला सहभागी घेण्यापूर्वी नोंदणीही लागते. मंजुरीला काही महिने जातात, म्हणून पहिल्या सेमिस्टरमध्येच अर्ज टाका, आणि त्या काळात मटेरियलच्या चाचण्या करा. ‘आधी डेटा घेऊ, मंजुरी नंतर आणू’ असं कोणी म्हणालं तर नाही म्हणा. तसा डेटा कुठलंही चांगलं नियतकालिक घेत नाही, आणि घेतलं तरी ते चूकच आहे.

संमतिपत्र मराठीत लिहा, वाचता येईल असं. ‘आपल्या अधोअंगाच्या गतिविषयक मापनांस अनुमती’ असलं नको. ‘तुमच्या पायांवर छोटे चमकते गोळे चिकटवून तुम्हाला दहा वेळा चालायला सांगू. दुखलं किंवा नको वाटलं तर कुठल्याही क्षणी थांबता येईल, कारण सांगायची गरज नाही’, असं लिहा. निरक्षर सहभागी असेल तर साक्षीदारासमोर वाचून दाखवायचं असतं.

मार्कर त्वचेवर लावावे लागतात, म्हणून आखूड, घट्ट कपडे लागतात. साडी नेसणाऱ्या आजींना हे आयत्या वेळी सांगितलं तर त्या आल्या पावली परततील, आणि त्यांचं बरोबर असेल. फोनवर आधीच सांगा, आडोशाची खोली ठेवा, मार्कर लावायला बाई सहकारी असू द्या. आपल्याकडे वयस्क स्त्रियांचा डेटा मिळवायचा तर ही तयारी यंत्रांइतकीच महत्त्वाची आहे.

सहावी पायरी: चाल मोजणं

एक पाऊल टेकल्यापासून तेच पाऊल पुन्हा टेकेपर्यंत चालीचं एक चक्र. त्यातला साधारण ६० टक्के वेळ पाय जमिनीवर, ४० टक्के हवेत. कॅमेरे सहसा सेकंदाला १०० चित्रं घेतात, जमिनीतली फोर्स प्लेट (पावलाचं बल मोजणारी पट्टी) १,००० नोंदी. दोघांची घड्याळं जुळलेली आहेत का, हे रोज सकाळी तपासा. संपूर्ण पाऊल एकाच प्लेटवर पडायला हवं. पण सहभागीला ‘त्या पट्टीवर पाय ठेवा’ म्हटलं की तो पाऊल मोजून टाकतो आणि चाल बिघडते. त्यांना प्लेट कुठे आहे ते सांगू नका, सुरुवातीची जागा मागेपुढे करा. मार्कर त्वचेवर असतात, हाडावर नाही. मांडीवरची त्वचा हाडावरून चांगलीच सरकते. त्यामुळे गुडघ्याच्या वाकण्याचा कोन विश्वासाने सांगा, पण त्याच्या पिळाचा छोटासा कोन ठामपणे सांगू नका. चालीच्या मार्कर-डेटाला साधारण ६ हर्ट्झचा लो-पास फिल्टर (त्याहून जलद थरथर गाळणारा) वापरायची पद्धत आहे. धावणं किंवा उडी असेल तर हा आकडा जसाच्या तसा उचलू नका.

आता इथली सर्वांत मोठी गल्लत. इन्व्हर्स डायनॅमिक्सने, म्हणजे हालचाल आणि जमिनीचं बल यांवरून उलट गणित करून, सांध्यावरचं बल काढलं आणि तेच इम्प्लांटच्या फायनाइट एलिमेंट मॉडेलला लावलं, असं वारंवार होतं. ते बल आणि हाडाने हाडावर दिलेलं बल एकच नव्हेत. चालताना जमीन शरीराच्या वजनाच्या साधारण १.१ पट बल देते. पण एका पायावर उभं राहिलात तर खुब्यावर किती येतं ते बघा. त्या पायाचं वजन सोडून उरलेलं शरीर वजनाच्या सुमारे पाच-षष्ठांश. ते सांध्यापासून अंदाजे १० सेंटिमीटरवर खाली ओढतं. त्याला तोलणारे बाजूचे स्नायू सांध्यापासून जेमतेम ५ सेंटिमीटरवर. म्हणजे स्नायूंना दुप्पट, वजनाच्या सुमारे १.७ पट ओढावं लागतं. दोन्ही मिळून सांध्यावर वजनाच्या अडीच पट. हा अंदाज कागदावरचा आहे, पण बर्लिनमध्ये बर्गमन आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या खुब्यात सेन्सर असलेले इम्प्लांट बसवून जे मोजलं आणि २००१ मध्ये प्रसिद्ध केलं, ते याच्या जवळच होतं: सावकाश चालताना सरासरी वजनाच्या सुमारे २.४ पट, जिना चढताना २.५ पट. ही मोजमापं ‘ऑर्थोलोड’ नावाने खुली आहेत. इम्प्लांटवर काम करणार असाल तर भार तिथून घ्या.

स्नायूंची बलं काढायला स्टॅनफर्डमध्ये तयार झालेलं ‘ओपनसिम’ हे सॉफ्टवेअर मोफत आहे. मोशन लॅब नसेल तर त्याच विद्यापीठातून आलेलं ‘ओपनकॅप’ दोन फोनच्या कॅमेऱ्यांवरून हालचाल काढून देतं. सुरुवातीच्या चाचपणीला ते पुरेसं आहे.

इथे आपल्या भागातल्या संशोधकांना खरी मोकळी जागा आहे. सपाट जमिनीवर चालताना गुडघा साधारण ६० अंश वाकतो. उकिडवं बसताना तो १३०च्याही पुढे जातो. जगभर वापरलं गेलेलं ओपनसिमचं एक जुनं मॉडेल १२० अंशांपाशी थांबतं, कारण ते चालण्यासाठी बांधलं होतं. पुढची मॉडेलं जास्त वाकतात, तरी इतक्या वाकलेल्या गुडघ्यात पोटरी आणि मांडी एकमेकांना टेकतात आणि काही भार तिथूनच जातो, हे बहुतेकदा धरलेलं नसतं. मांडी घालणं, जमिनीवरून हात न टेकता उठणं, भातलावणीला तासन्‌तास वाकून राहणं, यांचा नीट मोजलेला डेटा जेवढा हवा त्याच्या जवळपासही नाही. हे काम इथल्याच लॅबमध्ये होऊ शकतं, आणि इथल्याच रुग्णांना त्याची गरज आहे.

सांख्यिकीचा एकच मुद्दा, पण तो न विसरण्यासारखा. दहा जणांनी प्रत्येकी वीस पावलं टाकली म्हणजे २०० नमुने होत नाहीत. नमुने दहाच. एकाच माणसाची पावलं एकमेकांसारखी असतात. मिक्स्ड मॉडेल (एकाच माणसाची पावलं एका गटात धरणारं गणित) वापरा किंवा प्रत्येकाची सरासरी घ्या, पण २०० लिहू नका.

सातवी पायरी: सिम्युलेशन

फायनाइट एलिमेंटची रंगीत चित्रं लवकर येतात, म्हणून मी ही पायरी मुद्दाम उशिरा ठेवली. मेश (मॉडेलच्या तुकड्यांची जाळी) बारीक करत जा आणि उत्तर बदलायचं थांबतं का ते बघा. धारदार कोपऱ्यात ते कधीच थांबत नाही, तिथला सर्वोच्च स्ट्रेस थिसिसमध्ये लिहू नका. मग मॉडेलची तुलना तुमच्याच चौथ्या पायरीतल्या चाचणीशी करा. ज्या आकड्यांवरून मॉडेल जुळवून घेतलं, त्याच आकड्यांशी जुळतं म्हणून ते सिद्ध झालं असं होत नाही, वेगळी चाचणी राखून ठेवा. लायसन्सचा प्रश्न असेल तर ‘कॅल्क्युलिक्स’ आणि मऊ ऊतींसाठी ‘फेबिओ’ ही मोफत साधनं दर्जेदार आहेत.

आठवी पायरी: लिहिणं आणि जमा करणं

वही रोज लिहा, तारखेसह, पेनाने. फाइलींच्या नावात तारीख, नमुना आणि चाचणी असू द्या. मूळ डेटाला हात लावू नका, त्याची प्रत घेऊन काम करा. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ अशा नावांच्या फाइलींमुळे कितीतरी मुलांचे महिने गेलेले मी पाहिलेत.

पेपर नाकारला जाणं नेहमीचं आहे. भेग सायकलमागे किती वाढते याचा पॉल पॅरिस यांचा नियम आज फटीगच्या प्रत्येक अभ्यासक्रमात असतो. त्यांचा १९६१चा पेपर नामांकित नियतकालिकांनी नाकारला होता, आणि तो शेवटी वॉशिंग्टन विद्यापीठाच्या एका छोट्या प्रकाशनात छापून आला. परीक्षकांचे शेरे मात्र दोन दिवसांनी शांतपणे पुन्हा वाचा, त्यातले बरेच बरोबर असतात. पैसे घेऊन आठवड्यात छापून देणाऱ्यांकडे जाऊ नका. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पण त्याचा अर्थ तेवढं उचलायची परवानगी असा नाही.

व्हायव्हाला जाताना तुटलेले फटीगचे नमुने खुणा केलेल्या डबीत घेऊन जा. परीक्षक भंगलेला पृष्ठभाग हातात घेऊन पाहतात, आणि निम्मे प्रश्न त्यावरूनच येतात. थिसिस जमा झाल्यावर नावं काढून टाकलेला डेटा, कोड आणि नमुन्यांची यादी लॅबच्या सर्व्हरवर एका फोल्डरमध्ये ठेवा, सोबत तुमच्या जागी येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी दोन पानांची टीप. संमतिपत्रं वेगळ्या कुलूपबंद कपाटात, आणि त्याची किल्ली कोणाकडे आहे, ती पत्रं किती वर्षं जपायची, हे गाईडना लेखी कळवा.